क्लॅपमच्या बसमधले गृहस्थ

एखाद्या हॉटेलबद्दल कुणी ‘रीझनेबल आहे’ म्हणालं, की न विचारताच तीन गोष्टी कळतात. थाळी स्वस्त आहे, पंखा फिरतो आणि आमटीची वाटी दुसऱ्यांदा पुढे केली तर वाढप्याच्या कपाळाला आठ्या पडत नाहीत. चवीबद्दल या शब्दात काहीही नाही. चव चांगली असती तर सांगणाऱ्यानं चवीपासूनच सुरुवात केली असती. डॉक्टर रीझनेबल म्हणजे फी कमी आणि रक्त तपासायला लगेच धाडत नाहीत. सांगून आलेलं स्थळ रीझनेबल म्हणजे मुलाकडच्यांनी अजून तोंड उघडलेलं नाही. आणि ‘तसं रीझनेबल आहे’ हा निराळाच प्रकार. महाग आहे, परवडत नव्हतं, पण आता घेतलंय, तेव्हा विषय वाढवू नका, एवढा सगळा मजकूर त्या ‘तसं’मध्ये बसतो.

भांडणात हा शब्द आला की अर्थ आणखी सोपा होतो. ‘जरा रीझनेबल हो ना’ म्हणजे माझं ऐक. आपलं म्हणणं मान्य करणाऱ्याला ही विनंती कुणी केल्याचं ऐकिवात नाही, आणि स्वतःला तर कुणीच करत नाही.

असा हा घरगुती, टेरिकॉटचा शर्ट घालून हिंडणारा शब्द. तो काळा कोट चढवून कोर्टात जातो तेव्हा मात्र ओळख दाखवत नाही. मालविक्रीचा आपला १९३० सालचा कायदा आहे. त्यातलं नववं कलम सांगतं की करारात किंमत ठरलेली नसेल, ठरवायची रीतही दिलेली नसेल, तर घेणाऱ्यानं वाजवी किंमत द्यावी. छान. वाजवी म्हणजे किती? तेही तिथेच पुढे दिलंय : वाजवी किंमत कोणती, हा प्रत्येक प्रकरणाच्या परिस्थितीवर अवलंबून असलेला वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. मंडईत ‘मावशी, मेथी कशी दिली?’ असं विचारावं आणि मावशींनी ‘ते परिस्थितीवर आहे’ म्हणावं, तसंच हे. पण मेथीचा भाव खरोखर असाच चालतो, हेही मान्य करायला हवं. सकाळी सातला एक असतो आणि रात्री नऊला, पाटी आवरताना, दुसरा. कायदा करणाऱ्यांनी मंडई पाहिली असावी. रेशनच्या दुकानावर सरकारनं ‘रास्त भाव’ असं लिहून ठेवलंय आणि तिथला भाव असतोही रास्त. धान्य आलंय का, हा वस्तुस्थितीचा प्रश्न.

वेळेचंही तसंच. १८७२ च्या करार कायद्याचं ४६ वं कलम म्हणतं की मुदत ठरली नसेल तर काम वाजवी वेळेत करावं. वाजवी वेळ म्हणजे काय, हा पुन्हा वस्तुस्थितीचा प्रश्न. हे कलम न वाचता अंगी मुरवलेला एकच व्यवसाय आहे, शिंप्याचा. ‘दिवाळीनंतर देतो’ या वाक्यात कुठली दिवाळी ते सांगितलेलं नसतं.

प्रत्येक वेळी वस्तुस्थिती पाहायची म्हटलं तरी ती मोजायला काही माप लागतं. त्यासाठी इंग्रजी कायद्यानं एक माणूस पाळलाय. त्याचं नाव रीझनेबल मॅन. त्याला ‘वाजवी माणूस’ म्हणावं तर घासाघीस करून आणल्यासारखा वाटतो, म्हणून मी त्याला नुसतं शहाणा म्हणतो. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण इंग्लंडपर्यंत पोचली असेल असं नाही, पण या शहाण्यानं ती काटेकोर पाळली आहे. ज्याच्या मापानं कोर्टात आलेल्या प्रत्येकाला मोजतात, तो स्वतः कोर्टात कधीच आलेला नाही. येत नाही म्हणूनच तो शहाणा. मग न्यायाधीशांनी करायचं काय? त्यांनी त्याची कल्पना केली.

याची गरज पडली ती गवतामुळे. श्रॉपशरमध्ये मेनलव्ह नावाचे एक शेतकरी होते. त्यांनी शेताच्या बांधाला लागून गवताची गंजी रचली. बांधापलीकडे शेजारी वॉन यांची छोटी घरं होती. गवत ओलसर राहून गंजीला लागलं तर ते आतल्या आत तापत जातं आणि काडी न लावता पेट घेतं. हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, पण मेनलव्हना सांगावं लागलं, तेही एकदा नव्हे. जवळजवळ पाच आठवडे येणारेजाणारे सांगत होते की गंजी उतरवा, धोका आहे. मेनलव्ह म्हणाले, बघू काय होतंय ते. त्यांच्या मालाचा विमा उतरवलेला होता. विमा असला की माणसाचा दैवावर विश्वास बसतो. शेवटी त्यांनी एक उपाय केला. गंजीच्या मधोमध धुराड्यासारखं भोक पाडलं. गंजी पेटली, मेनलव्हांचं कोठार पेटलं आणि मग वॉन यांची घरंही गेली.

प्रकरण १८३७ साली लंडनच्या कोर्टासमोर आलं. मेनलव्हांच्या वकिलांनी घेतलेला बचाव मला फार आवडतो. त्यांचं म्हणणं असं, की आमच्या अशिलानं आपल्या बुद्धीप्रमाणे प्रामाणिकपणे जे सुचलं ते केलं. त्याला अव्वल दर्जाची बुद्धी लाभली नाही, हे त्याचं दुर्दैव. दुर्दैवाबद्दल भरपाई कसली मागता? अशिलाला अक्कल कमी आहे हे भर कोर्टात सांगायचं आणि त्याची फी अशिलाकडूनच घ्यायची, यालाच वकिली म्हणतात. मुख्य न्यायाधीश टिंडल यांनी ते मानलं नाही. ज्याच्या त्याच्या अकलेप्रमाणे जबाबदारी ठरवायची तर ती ज्याच्या त्याच्या पावलाच्या लांबीइतकी वेगवेगळी होईल, असा त्यांचा मुद्दा होता. तेव्हा माप एकच, सावधपणे वागणाऱ्या साधारण माणसाचं. मेनलव्ह त्या मापाला कमी पडले. तसे आपणही पडतो, पण आपल्याकडे गंजी नाही.

पुढे बर्मिंगहॅमला अशी कडाक्याची थंडी पडली की पाणीपुरवठा कंपनीच्या नळाची बूच निकामी झाली आणि एका घरात पाणी शिरलं. १८५६ साली बॅरन ऑल्डरसन यांनी निष्काळजीपणाची जी व्याख्या केली ती विद्यार्थी आजही घोकतात : शहाणा जे करेल ते न करणं, किंवा शहाणा जे करणार नाही ते करणं. कंपनी सुटली, कारण शहाणा नेहमीच्या थंडीची तयारी करतो, अचाट थंडीची नाही. आपल्याकडच्या महापालिकांनी हा निवाडा वाचला असेल-नसेल, पण त्यातलं तत्त्व त्या दर जुलैत स्वतंत्रपणे शोधून काढतात. पाऊस नेहमीपेक्षा जास्त पडला.

एवढं झालं तरी या गृहस्थांना पत्ता नव्हता. तो १९०३ मध्ये मिळाला, तोही एका नाटकाच्या परीक्षणामुळे. परीक्षण झोंबलं म्हणून निर्मात्यानं वृत्तपत्रावर अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि निकाल देताना न्यायमूर्ती कॉलिन्स यांनी आधीच्या पिढीतले न्यायमूर्ती बोवेन यांचा एक शब्दप्रयोग काढला : क्लॅपमच्या बसमधला माणूस. क्लॅपम हे दक्षिण लंडनचं उपनगर. बस म्हणजे तेव्हा घोडे ओढायचे ती. त्यात बसून कचेरीला जाणारा, ना विद्वान ना मूर्ख, ना बडा ना फाटका, असा कुणीतरी. पुढे एका मोटार शर्यतीच्या खटल्यात त्यांचा घरगुती तपशीलही कळला. शर्यतीतली एक गाडी उडून प्रेक्षकांपुढच्या कठड्यावर आदळली होती, आणि प्रेक्षकाला शर्यतीत किती धोका गृहीत धरावा लागतो, हा प्रश्न होता. न्यायमूर्ती ग्रीअर म्हणाले की हे गृहस्थ घरी मासिकं घेतात आणि संध्याकाळी नुसत्या शर्टावर, बाह्या दुमडून, हिरवळ कापायचं यंत्र ढकलतात. इथे आपल्याला थांबावंच लागतं. हिरवळ? कापायचं यंत्र? याला हे लोक सामान्य माणूस म्हणतात!

साम्राज्याबरोबर गृहस्थही फिरले. सिडनीत ते बॉन्डायच्या ट्राममध्ये बसले, मेलबर्नला बर्क स्ट्रीटच्या, हाँगकाँगला शाउ की वानच्या. बॉन्डायची ट्राम बंद होऊन जमाना झाला. गृहस्थ अजून उतरलेले नाहीत.

यांच्यासारखा कंटाळवाणा सोबती नसेल. पुढे पाहून चालतात, पायऱ्या मोजतात, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचतात, ओल्या फरशीवरून घसरत नाहीत, आणि चिडलेच तर कायद्यानं परवानगी दिलेल्या मर्यादेतच चिडतात. ‘पंच’ साप्ताहिकात कल्पित खटले लिहिणारे ए. पी. हर्बर्ट यांनी यांची यथेच्छ टिंगल केली. पुढे ते खासदार झाले आणि घटस्फोटाचा कायदा बदलायला त्यांनी लावला, म्हणजे माणूस नुसता टवाळ नव्हता. त्यांच्या एका खटल्यात कोर्ट सगळे जुने निवाडे चाळतं आणि या निष्कर्षाला येतं की त्यात शहाणा पुरुष जागोजागी भेटतो, शहाणी बाई कुठेच नाही. तेव्हा इंग्रजी कायद्याला शहाणी बाई ठाऊकच नाही, आणि जी अस्तित्वातच नाही तिच्यासारखं वागली नाही म्हणून एखादीला दोषी कसं धरणार? अलीकडे कोर्टं ‘मॅन’च्या जागी ‘पर्सन’ म्हणतात. बसमध्ये बायकांसाठी राखीव जागा आल्या त्यालाही वेळ लागलाच होता.

गवताची गंजी कोर्टात गेली त्याच १८३७ साली इकडे मेकॉले यांनी भारतीय दंडसंहितेचा मसुदा सरकारला सादर केला. त्यांच्या टिपणात एक अडचण मांडलेली आहे. कायद्याचे शब्द ताणले तर दुसऱ्याच्या दौतीत टाक बुडवणं ही चोरी, घोड्यावरून शेजारून जाताना कुणाच्या अंगावर धुरळा उडवणं हा हल्ला, आणि गाडीत चढताना कुणाला रेटून दाबणं ही दुखापत. या सगळ्यांना तुरुंगात घालायचं का? म्हणून संहितेत ९५ वं कलम आलं. इजा इतकी किरकोळ असेल की साधारण समजुतीचा आणि साधारण स्वभावाचा माणूस तक्रार करणार नाही, तर तो गुन्हाच नाही. आता जुन्या संहितेच्या जागी न्याय संहिता आली, पण हा माणूस तिथेही कायम आहे.

गाडी म्हणताना मेकॉलेंच्या डोळ्यांसमोर बग्गी असणार. बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी निघायला अजून १६ वर्षं होती. पण हे कलम नसतं तर संध्याकाळी साडेसहाच्या विरार फास्टमध्ये दादरला चढणारा प्रत्येक जण गुन्हेगार, फिर्यादी आणि साक्षीदार तिन्ही झाला असता. मेकॉलेंच्या नावानं आपण बोटं मोडत असतो. लोकलमध्ये ती मोडायलाही जागा नसते, आणि तरी कुणी पोलिसांत जात नाही, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

जाणारे मात्र जातात. वांद्र्यातल्या एका इमारतीत घरमालक आणि भाडेकरू यांचं वाजलं. भाडेकरू बाईंच्या नवऱ्यानं समोरच्या पक्षाच्या नोकराच्या थोबाडीत दिली, शिव्यांची देवाणघेवाण झाली आणि समोरच्या गृहस्थांनी संतापून कागदांची फाइल भिरकावली. फाइल नवऱ्याला लागायची ती बाईंच्या कोपराला लागली. ओरखडा उठला. हा ओरखडा चढत चढत सर्वोच्च न्यायालयात पोचला, आणि १९६६ साली देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयानं ९५ वं कलम उघडून सांगितलं की साधारण समजुतीचा माणूस याबद्दल तक्रार करणार नाही. आता यातला साधारण समजुतीचा माणूस कोण? मला तर तो नोकर वाटतो. एकट्यानं थोबाडीत खाल्ली आणि त्याच्या नावावर एकही निवाडा नाही.

घरमालक-भाडेकरू म्हटलं की या शब्दाचा आणखी एक अवतार आठवतो. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यानुसार भाडेकरूनं जागा घेतली तशी परत करायची, पण रोजच्या वापरानं होणारी वाजवी झीज सोडून. अकरा महिन्यांच्या प्रत्येक करारनाम्यात हे ‘रीझनेबल वेअर अँड टेअर’ असतं, आणि सही करताना ते कुणी वाचत नाही. ते वाचतात डिपॉझिट परत करायच्या दिवशी. मालक मोबाइलचा दिवा भिंतीवर मारत फिरतो. गणपतीच्या तसबिरीचा खिळा वाजवी, कॅलेंडरचा खिळा वादग्रस्त, टीव्हीचे चार खिळे म्हणजे दरोडा. ओट्यावरचा हळदीचा डाग भाडेकरूच्या मते झीज आणि मालकाच्या मते विध्वंस. खिडकीची कडी आधीपासून मोडकी होती की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. एवढं होऊन शेवटी मालक म्हणतो, ‘जाऊ दे, रंगाचे आठ हजार कापतो, रीझनेबल आहे ना?’ इथे बोलीतला आणि कायद्यातला असे दोन्ही ‘रीझनेबल’ एका वाक्यात येतात, आणि पैसे बोलीतलाच घेऊन जातो.

पण खरा गोंधळ या शब्दाला उलटं केलं की होतो. ‘अनरीझनेबल’ आपण सहज म्हणतो. डांबर पडून महिना होत नाही तोच गॅसवाले रस्ता उकरतात, ते बुजवतात तोवर केबलवाले येतात. यापेक्षा अनरीझनेबल काय असतं? असतं. वेन्सबरी नावाचं इंग्लंडमधलं एक गाव आहे. तिथल्या नगरपालिकेनं थिएटरला रविवारी सिनेमा दाखवायची परवानगी दिली, पण अट घातली की पंधरा वर्षांखालच्या मुलांना आत सोडायचं नाही, आईबाप बरोबर असले तरी. कंपनी कोर्टात गेली. १९४७ साली लॉर्ड ग्रीन यांनी सांगितलं की अट आम्हाला पटते का, हा प्रश्नच नाही. कुठल्याही शहाण्या संस्थेला सुचूच शकणार नाही इतका निर्णय वेडगळ असेल, तरच आम्ही हात घालू. उदाहरण म्हणून त्यांनी केस तांबडे आहेत म्हणून नोकरीवरून काढलेल्या शिक्षिकेचा दाखला दिला. कंपनी हरली. वेन्सबरीचं नाव आज आपल्या न्यायालयांतही इतकं घेतलं जातं की तिथल्या लोकांना पत्ता लागला तर ते गावाच्या वेशीवर रॉयल्टीचा नाका बसवतील.

तेव्हा तुमच्या-माझ्या दृष्टीनं जे अनरीझनेबल, ते कायद्याच्या दृष्टीनं फार तर हट्टी, आळशी किंवा वेळेवर न जमलेलं. रस्ता उकरणाऱ्यांना तांबड्या केसांची पायरी गाठायला अजून पुष्कळ उकरावं लागेल.

असा हा गुळगुळीत शब्द संविधानातही आहे. संविधान सभेत १९४८ च्या डिसेंबरात पंडित ठाकूरदास भार्गव यांनी आग्रह धरला की स्वातंत्र्यांवर निर्बंध घालायचे तर त्याआधी ‘वाजवी’ हे विशेषण लावा. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती स्वीकारली. भाषणस्वातंत्र्याच्या पोटकलमात मात्र ते तेव्हा आलं नाही, १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत आलं. एका विशेषणानं काय होतं, असं वाटेल. होतं ते एवढंच, की निर्बंध वाजवी आहे की नाही हे घालणाऱ्यानं ठरवायचं नाही, न्यायालयानं ठरवायचं. लग्नाच्या साड्यांच्या दुकानावर ‘वाजवी दरात’ अशी पाटी असते आणि ठरवणाराही दुकानदारच असतो. तिथे भार्गवांची फार गरज आहे.

आणि बसचं काय झालं? ती भरत गेली. २०१४ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात लॉर्ड रीड यांनी प्रवाशांची नावंच वाचून दाखवली : सरळ विचारांचा नागरिक, शहाणा पालक, शहाणा घरमालक, निःपक्षपाती आणि माहीतगार निरीक्षक. हे सगळे कोर्टाच्या डोक्यातले, तेव्हा यांच्यापैकी कुणालाही साक्षीला बोलावता येत नाही, असंही त्यांनी बजावलं. त्या यादीतला एक प्रवासी मात्र माझ्या ओळखीचा निघाला. त्याला मराठीत लुडबुड्या बघ्या म्हणता येईल. १९३९ साली न्यायमूर्ती मॅकिनन यांनी त्याला जन्म दिला, तो असा : दोन पक्ष करार करतायत, बघ्या मध्येच विचारतो की अमुक गोष्ट लिहायची नाही का, आणि दोघं एका सुरात वैतागून म्हणतात, ‘अहो, ते तर धरलेलंच आहे!’ असं म्हणतील अशी गोष्ट न लिहिताही करारात आहे असं समजावं.

इंग्रजांचं ठीक आहे. आपल्याकडे लग्नाच्या याद्या करायच्या बैठकीत हा बघ्या मुलीच्या बाजूचा लांबचा काका म्हणून हजर असतो. हॉलचा खर्च निम्मा-निम्मा ठरलेला असतो, चहा झालेला असतो, कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या व्हायच्या असतात. तेवढ्यात काका पोह्यांची बशी खाली ठेवून विचारतो, ‘आणि मुलाच्या मामांच्या मानपानाचं काय ठरलं?’ यावर एका बाजूनं ‘अहो, ते तर धरलेलंच आहे’ असं उत्तर येतं, दुसऱ्या बाजूनं ‘ते कुठे धरलंय?’ असं येतं, आणि दोन्ही एकदमच येतात. मग हॉलचा खर्च पुन्हा निघतो, आत नव्यानं चहा टाकला जातो, आणि थोरले कुणीतरी समोरच्यांना म्हणतात, ‘हे बघा, जरा रीझनेबल बोलू या.’